ओझे चढविताना

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहकुटुंब सुवालीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो होतो. परतावयास सायंकाळ झाली. हजिऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर इच्छापोरच्या अलीकडे वाहनांची रांग खोळंबलेली दिसली. अपघात झाला असावा, असे प्रथम वाटले. चिरंजीव उतरून पुढे पाहून आले आणि म्हणाले, ‘अपघात नाही, बाबा. कारखान्यातून मोठं भांडं निघालंय. अर्धा तास तरी मोडणार.’ सौभाग्यवतींनी डब्यात उरलेल्या दशम्या काढल्या. नऊ वर्षांची नात मात्र काच खाली करून खिडकीशी चिकटून बसली होती.

थोड्याच वेळात ते भांडे आमच्या समोरून जाऊ लागले. पुढे पिवळा दिवा फिरविणारी जीप, मागोमाग दोन दणकट ‘पुलर’, आणि त्यांच्यामागे चाकांच्या ओळींवर ओळी असलेला बुटका, लांबलचक ट्रेलर. त्यावर एखाद्या दुमजली घराएवढे पोलादी नळकांडे आडवे निजलेले. दोन्ही अंगांना माणसे पायी चालत होती. कोणाच्या हाती विजेरी, कोणाच्या हाती विजेच्या तारा उचलून धरण्यासाठी लांब बांबू. गती इतकी मंद, की पायी चालणाऱ्यांनाही रेंगाळावे लागत होते. मध्येच सारा काफिला थांबला, दोन-तीन मिनिटे तसाच उभा राहिला आणि पुन्हा चालू लागला. मागे खोळंबलेल्यांनी भोंगे वाजवून आपली नाराजी प्रकट केली.

नातीने चाके मोजावयास घेतली; साठाच्या पुढे तिचा हिशेब चुकला. मग तिने विचारले, ‘आजोबा, हे एवढं वर चढवलं कोणी? आणि ते पडत का नाही?’ चिरंजीव हसून म्हणाले, ‘आजोबांनाच विचार. त्यांचा जन्म त्यातच गेला.’ घरी पोहोचेपर्यंत आम्ही तिला बरेच काही सांगितले. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती आम्ही आजवर घरातही कोणापाशी बोललो नव्हतो. या मासिकाच्या वाचकांत कारखान्यांतून, गोदामांतून, बांधकामांवर काम करणारी तरुण मुले पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी ती येथे लिहीत आहोत.

सुरतेला ओझी नवी नाहीत. ज्या किनाऱ्यावर आमची नात त्या दिवशी शिंपले वेचीत होती, तेथेच सतराव्या शतकात इंग्रजांची मोठी गलबते नांगर टाकीत. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध असल्यामुळे ती शहरापर्यंत येऊ शकत नसत. माल सुवालीस उतरे आणि तेथून बैलगाड्यांनी सुरतेत येई. आज त्याच किनारपट्टीवरून शेकडो टनांची पोलादी भांडी जहाजांवर चढतात. बैलांच्या जागी यंत्रे आली. परंतु ओझ्याचे नियम तेव्हा होते तेच आजही आहेत.

हे आम्हास कळले ते वडिलांमुळे. आमचे वडील १९५४ साली अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून सुरतेस आले आणि उधन्यास मागाच्या कारखान्यात लागले. शाळा त्यांची चौथीपर्यंतच झाली होती; पण बैलगाडी भरावी कशी, हे त्यांना उत्तम कळत असे. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे भार जास्त झाला तर बैलांच्या मानेवर सगळे ओझे येऊन चढणीवर त्यांचे गुडघे टेकतात. जुवावर बेताचाच भार राहील अशी गाडी भरावयाची, हा त्यांचा धडा. पुढे आम्ही यंत्रविद्येची पदविका घेतली, जाडजूड पुस्तके वाचली, आणि ट्रेलर भरण्याविषयी त्यांत जे सापडले ते हेच होते. ओझे फार मागे गेले, तर ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रेलर शेपटासारखा हेलकावू लागतो. फार पुढे आले, तर जोडणीवर आणि पुढील आसांवर अतिभार येतो. ‘उलाळ’ हा शब्द आम्ही आमच्या हाताखालच्या मुलांना शेवटपर्यंत शिकवीत आलो, कारण त्याहून नेमका शब्द आम्हास कोणत्याच पुस्तकात मिळाला नाही.

यंत्राचे वजन डोळ्यांना दिसते तेथे नसते, हेही लक्षात ठेवावे लागते. पोकलेनचा लांब हात पाहून वाटते, भार पुढे आहे. वस्तुतः तो हात तोलून धरण्यासाठी मागच्या अंगाला मोठे लोखंडी वजन बसविलेले असते आणि यंत्राचा भारबिंदू त्यामुळे मागे सरकतो. मागाचेही तसेच. ज्या बाजूला मोटार आणि गिअर, ती बाजू जड. म्हणून चढविण्यापूर्वी यंत्राभोवती एक फेरी मारावी, त्यावरील पाटी वाचावी, वजन किती आणि उचलण्याच्या जागा कोणत्या ते पाहावे, अशी आमच्या मुकादमांची सक्त ताकीद असे.

हे मुकादम म्हणजे आमचे या विद्येतील दुसरे गुरू. आम्ही लहान असताना उधन्यात एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात माग हलविले जात. क्रेन तेव्हा क्वचित दिसे. जमिनीवर पाइपचे तुकडे रुळांसारखे टाकावयाचे, मागाखाली पहार घालून तो त्यांवर घ्यावयाचा आणि एकेक पाइप मागून काढून पुढे टाकीत तो दारापर्यंत आणावयाचा. दारात फळ्यांचा उतार लावलेला असे. चेन कप्पीने ओढून माग ट्रकवर चढे. गड्यांत खानदेशी, गुजराती, उत्तरेकडील भय्ये आणि गंजामकडून आलेले उडिया असे सगळे असत. प्रत्येकाची भाषा वेगळी. परंतु काम चालू झाले की आवाज एकट्या मुकादमांचा. ‘हां… हां… ऊभो रहे!’ एवढ्या तीन-चार शब्दांवर अर्धा-पाऊण टनाचा माग लोण्यासारखा वर सरके. शाळा सुटली की आम्ही दप्तरासह तेथे उभे राहून ते पाहत असू. आणि प्रत्येक वेळी मुकादमकाका आम्हास काठीने मागे हटवीत. दोराच्या रेषेत आणि उताराच्या बगलेत कोणी उभे राहावयाचे नाही, मग तो मालकाचा मुलगा का असेना!

ज्यांना या कामाशी कधी प्रयोजन पडले नाही, त्यांना यात इतके शिकण्यासारखे काय असे वाटेल. म्हणून थोडा हिशेब सांगतो. दहा टनांचे यंत्र पंधरा अंशांच्या उतारावर उभे केले की ते सुमारे अडीच टनांच्या जोराने खाली ओढले जाते. त्याला धरून ठेवणारे असते केवळ घर्षण. आणि पोलादावर पोलाद, त्यात पाणी किंवा तेल, म्हणजे घर्षण जवळपास संपलेच. लाकूड, गोणपाट किंवा रबराची चटई मध्ये आली की तीच पकड कितीतरी वाढते. दोराचेही असेच. दहा टनांचे ओझे दोन दोरांनी उचलले आणि दोर सरळ उभे असले, तर प्रत्येकावर पाच टनांचा ताण येतो. तेच दोर पसरून जमिनीशी साठ अंशांचा कोन करू लागले की ताण पावणेसहा टनांच्या वर जातो. आणि तीस अंशांपर्यंत आडवे झाले, तर प्रत्येक दोरावर पूर्ण दहा टन येतात. वडील म्हणत, ‘दोर जितका आडवा, तितका त्याचा जीव कमी.’ त्रिकोणमिती त्यांनी कधी ऐकलीही नव्हती.

ट्रेलर सपाट आणि टणक जमिनीवर उभा करावा, ब्रेक ओढून चाकांना ठोकळे लावावेत. यंत्र उताराच्या मध्यरेषेत आणूनच चढवावे. वर गेल्यावर वाकडे वाटले तर तेथे वळविण्याचा खटाटोप करू नये, खाली उतरवून पुन्हा सरळ आणावे. उताराच्या माथ्यावर यंत्र एकदम पुढे झुकते, तेव्हा चालकाने अगदी सावकाश असावे. वर आल्यावर बादली, पाते जे काही असेल ते ट्रेलरवर टेकवून, यंत्र बंद करून साखळ्या बांधाव्यात. अमेरिकेच्या नियमांत सुमारे साडेचार टन आणि त्याहून जड यंत्राला किमान चार बांधण्या सांगितल्या आहेत, आणि जोराने ब्रेक लागला असता ओझ्याच्या दशांश आठ इतका धक्का त्या बांधण्यांनी पुढच्या दिशेने सोसावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे वीस टनांचे यंत्र सोळा टनांच्या जोराने पुढे उडी घेऊ पाहते! आणि थोडे अंतर गेल्यावर गाडी थांबवून साखळ्या पुन्हा तपासाव्यात. कारण हादऱ्यांनी ओझे बसते आणि साखळी सैल पडते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून पूर्ण तपासणी करण्याचे बंधन घातले होते.

हे सर्व आम्हास १९८३ साली ठाऊक होते. आता ती गोष्ट सांगावयाची ती याचसाठी, की हे सर्व ठाऊक असतानाच ती घडली.

आम्ही तेव्हा सत्तावीस वर्षांचे होतो आणि एका कंत्राटदाराकडे देखरेखीच्या कामावर होतो. श्रावण महिना. बारडोलीच्या पलीकडे कालव्याकडेच्या रस्त्यासाठी रोड रोलर पाठवावयाचा होता. आठ-दहा टनी, पुढे एक आणि मागे दोन पोलादी चाकांचा, त्या काळी सर्वत्र दिसे तसा. दुपारी जोराची सर येऊन गेली होती. ट्रेलरला लोखंडी पाट्यांचा उतार लावला होता आणि तो ओला चकचकीत दिसत होता. रोलर निघाल्याशिवाय पलीकडचे काम सुरू होणार नव्हते. मालकांचा निरोप दोनदा येऊन गेला होता.

आमच्या हाताखाली धुळ्याकडून नुकताच आलेला विशीतला एक मुलगा होता. तो जवळ आला आणि घरी आईशी आम्ही जी बोली बोलत असू, त्याच बोलीत हळूच म्हणाला, ‘भाऊ, पाट्या वल्ल्या शेतस. गोणपाट टाकूत का?’

गोणपाट शंभर पावलांवर गोदामात होते. आणावयास फार तर दहा मिनिटे लागली असती. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, ‘काही होत नाही. चढव.’

रोलर अर्ध्यावर गेला आणि मागची चाके जागीच फिरू लागली. चालकाने जोर दिला. क्षणभर यंत्र अधांतरी थबकल्यासारखे झाले आणि मग आडवे घसरले. पाटी आकड्यातून निसटून उसळली. चालकाने वरच्या अंगाला उडी घेतली म्हणून तो वाचला. तो मुलगा पाटीच्या बगलेत पहार लावून उभा होता. ज्या जागी कोणीही असता कामा नये, अशीच ती जागा होती. आणि पाटी सरकू नये म्हणून आम्हीच त्याला तेथे उभे केले होते. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

याहून वाईट गोष्ट तीन दिवसांनी घडली. घटनेचा कागद तयार झाला. त्यात लिहिले होते, की सदर कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे धोक्याच्या जागी उभा राहिला. गोणपाटाचा उल्लेख नव्हता, आमच्या घड्याळाचाही नव्हता. साक्षीदार म्हणून आमची सही हवी होती. आमच्या चिरंजीवांचे बारसे होऊन जेमतेम महिना झाला होता. नोकरी गेली तर दुसरी कोठे मिळणार, हा विचार मनात होता. आम्ही सही केली. कायद्याप्रमाणे मिळावयाची ती भरपाई त्याला मिळाली. कागदावर दोष मात्र त्याचाच राहिला.

सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला पाहावयास रुग्णालयात गेलो. गावाकडून त्याची आई आली होती. खाटेजवळच्या एकुलत्या एका बाकड्यावरून ती उठली, पदराने बाकडे पुसले आणि आम्हास म्हणाली, ‘बसा भाऊ. तुम्ही व्हतात म्हनीसन पोऱ्या वाचना.’ आम्ही त्याला गाडीत घालून वेळेवर आणले, एवढेच तिला कोणी सांगितले होते. मुलगा जागा होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळविले. आईला तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. बाकड्यावर बसून आम्ही तिच्या हातचा चहा घेतला, हे आजही आठवले की घास गोड लागत नाही.

पुढे आम्ही ती नोकरी सोडली आणि दुसऱ्या एका कारखान्यात अवजड यंत्रांच्या रवानगीचे काम पाहू लागलो. तेथे निवृत्तीपर्यंत राहिलो. लोक आम्हास काटेकोर म्हणत, कोणी पाठीमागे भित्रा म्हणत. दोन्ही खरे होते. दर वेळी यंत्र हलविण्यापूर्वी आम्ही सगळ्या गड्यांना ट्रेलरभोवती गोळा करीत असू आणि विचारीत असू, ‘काय चुकते आहे?’ प्रथम विचारावयाचे ते सर्वांत धाकट्याला, कारण वडीलधारी बोलून गेली की धाकटा तोंड उघडीत नाही. सुरुवातीला पोरे लाजत. मग एकेक सांगू लागली. साखळीची एक कडी ताणलेली आहे; ट्रेलरचे एक चाक नव्या भरावावर आहे; चालकाला खूण करणारा माणूस सूर्याच्या अंगाला उभा असल्यामुळे दिसत नाही. असे एकही वर्ष गेले नाही, की एखाद्या नवख्याच्या बोलण्याने आमचे काम थांबले नाही.

दुसरा नियम खुणेचा. चालवा, वळवा, उचला या खुणा एकानेच करावयाच्या. परंतु थांबण्याची खूण कोणीही करावी, आणि ती कोणी केली हे न पाहता चालकाने थांबावे. क्रेनच्या कामात ही रीत जगभर आहे. दोन्ही हात आडवे पसरून, तळवे खाली करून हलविले की ‘तात्काळ थांब’. ज्या शहरात एका ट्रेलरभोवती चार भाषा बोलल्या जातात, तेथे ही खूण आम्हास फार उपयोगी पडली. मात्र ती भिंतीवर रंगवून भागत नाही. थांबविणाऱ्याचा अंदाज चुकीचा निघाला तरी त्याच्यावर ओरडावयाचे नाही, हे पथ्य पाळावे लागते. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी तो गप्प राहील. आणि नेमका त्याच वेळी तो बरोबर असेल.

१९९६ च्या सुमारास आमच्या समाजातील एका लग्नात तो मुलगा आम्हास भेटला. मुलगा कसला, आता तोही मुलाबाळांचा झाला होता. मागाच्या सुट्या भागांचे छोटे दुकान त्याने टाकले होते आणि ते बरे चालले होते. जयपूर पायावर तो मांडवात सावकाश फिरत होता. जयपुरात १९६८ च्या सुमारास विकसित झालेल्या या पायाने आपल्या देशातील किती कष्टकऱ्यांना पुन्हा उभे केले, याची त्या दिवशी प्रथम जाणीव झाली. पंगत उठल्यावर आम्ही त्याला बाजूला घेतले आणि त्या कागदावरील सहीची गोष्ट सांगितली. तेरा वर्षे मनात घोळविलेली वाक्ये ऐन वेळी एकही आठवले नाही, कसेबसे बोललो.

‘माले माहीत शे,’ तो म्हणाला. कागद त्याला तेव्हाच कोणीतरी वाचून दाखविला होता. थोडा वेळ तो मांडवाच्या खांबाला हात लावून उभा राहिला. मग विचारले, ‘भाऊ, आते तरी गोणपाट टाकतस ना?’

आम्ही म्हणालो, ‘टाकतो.’

त्याने मान हलविली आणि तो वरपक्षाकडे गेला. त्याने क्षमा केली असे म्हणण्याचा आम्हास अधिकार नाही. त्याने काम योग्य रीतीने होते की नाही, एवढे विचारले. आम्हास मात्र त्या एका प्रश्नाने पुढील सारी वर्षे कामावर जागे ठेवले.

आज हजिऱ्याकडे पाहिले की अभिमान वाटतो. फ्रान्समध्ये अणुसंमीलनाचा जो ‘इटर’ नावाचा आंतरराष्ट्रीय प्रयोग उभा राहत आहे, त्याचे सुमारे तीस मीटर उंच आणि तितकेच रुंद, ३,८५० टनांचे क्रायोस्टॅट, म्हणजे आतील अतिशीत चुंबकांना वेढणारे प्रचंड निर्वात भांडे, आपल्या हजिऱ्याच्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ५४ भागांत घडले आणि येथूनच समुद्रमार्गे गेले. त्याचा शेवटचा भाग ३० जून २०२० रोजी रवाना झाला. त्याच वर्षी, महाराष्ट्रातून निघालेले सुमारे सत्तर टनांचे एक यंत्र तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोहोचले. ७४ चाकांच्या गाडीवरून त्या प्रवासाला जवळजवळ वर्ष लागले! अशा ट्रेलरच्या आसांखाली तेलाच्या दाबावर चालणारे आधार असतात. रस्ता एका अंगाला कलला तरी ते खालीवर होऊन वरचा तक्ता समतल ठेवतात. हे ज्ञान आमच्या वडिलांच्या बैलगाडीपासून फार लांबचे आहे खरे. तरीही इतक्या चाकांच्या बाजूने माणसांना पायी चालावे लागते, आणि ती माणसे डोळे उघडे ठेवून, वेळेवर तोंड उघडतात म्हणूनच ओझे पोहोचते.

केरळातील बेपूरचे खलाशी तर क्रेनवाचून जहाजे हलवीत आले आहेत. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमणजवळ आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा ते डबे वर काढण्यास हे खलाशी मदतीला आले होते. दोर, कप्प्या, आणि सगळ्यांनी एका तालात दिलेला जोर, हे त्यांचे भांडवल. एकाच्या आवाजावर सारे ओढतात. पण दोरावर हात प्रत्येकाचा असतो, आणि दोर कोठे कुरकुरतो आहे हे त्या हातालाच प्रथम कळते.

वाचक म्हणतील, आमच्या घरी ना रोलर ना पोकलेन. आम्हास याचे काय? परंतु आपल्या सुरतेत गणेशोत्सव आहे. अनंत चतुर्दशीला उधना-लिंबायतपासून निघालेल्या मोठ्या मूर्ती ट्रेलरवर चढून हजिरा, मगदल्ला, डुमसकडे जातात. मूर्ती उंच, वरून अवजड, पाट पावसाने निसरडा, भोवती रात्रभर न झोपलेली उत्साही मुले आणि वर विजेच्या तारा. आमच्या पाहण्यातील यंत्रांहून हे ओझे कमी धोक्याचे नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील मंडळाची मूर्ती चढत असताना एक बारा वर्षांचा मुलगा ओरडला, ‘दादा, थांबा! मागचा दोर सुटतोय.’ ढोल वाजत होता, तरी कार्यकर्त्यांनी हात वर केले, ढोल थांबला, मूर्ती जागच्या जागी टेकविली. दोर शाबूत होता. केवळ एक गाठ सरकली होती. कोणीही त्या मुलाला रागावले नाही. गाठ पुन्हा मारली आणि ‘मोरया’ म्हणत मूर्ती वर गेली. दोन वर्षे आम्ही त्या मुलांपुढे हेच पालुपद लावले होते. ती कंटाळली असावीत, पण विसरली नव्हती.

पुन्हा त्या रविवारच्या सायंकाळकडे येतो. तो काफिला मध्येच थांबला, असे आरंभी सांगितले आहे. मागच्या गाड्यांना कारण दिसत नव्हते; आम्हास दिसत होते. ट्रेलरच्या बगलेने चालणाऱ्यांपैकी एका पोरसवदा गड्याने दोन्ही हात पसरले होते. त्याची शिरस्त्राणाची पट्टीही नीट बसत नव्हती, इतका तो नवा. पुढील जीपमधील साहेब उतरून त्याच्याकडे चालत गेले. पोराने एका साखळीकडे बोट दाखविले. साहेबांनी वाकून ती हाताने ओढून पाहिली, दुसऱ्याकडून आवळून घेतली, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि परत जीपकडे गेले. एवढ्यासाठी शेकडो लोक तीन मिनिटे खोळंबले होते.

मागून भोंगे वाजत होते. नात म्हणाली, ‘आजोबा, लोक चिडलेत. तो दादा का थांबला?’

आम्ही तिला म्हणालो, ‘त्याला काहीतरी दिसलं, बाळ. चिडू देत.’